बांगडी फिरते का?

इरा आणि निखिल,

हे मी मराठीत लिहिते आहे, कारण आपल्या इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकाला ते द्यायचं आहे. आणखी एक कारण आहे. मी इंग्रजीत लिहायला बसले की केसपेपरच लिहायला लागते. वय, तक्रार, तपासणी, उपचार, संपलं. माणसं त्यात येत नाहीत. तुम्हाला कुठे अडलं तर तुमची आई वाचून दाखवील. तिलाही दोन-चार शब्द अडतीलच, दिल्लीत वाढलेली मुलगी आहे. तिनं मला विचारावं. लाजू नये.

आत्ताच का लिहिते आहे, तेही सांगते. मागच्या रविवारी इरानं फोनवर एक फोटो पाठवला. दंडाला पट्टा, टेबलावर छोटं पांढरं यंत्र आणि त्याच्या पडद्यावर आकडे. खाली लिहिलं होतं, "आजी, सगळं नॉर्मल आहे. आणि हे यंत्र बोलतं!" मग तिनं त्या यंत्राचा आवाजही पाठवला. एक बाई फार अदबीनं आकडे सांगत होती. शेवटी इराचा प्रश्न होता, "तुझ्या वेळी प्रेग्नंट बायका घरी बीपी कसं मोजायच्या?"

मोजायच्याच नाहीत, बाळ. म्हणून तर माझा दवाखाना चालला.

मी बाळंतपणाची डॉक्टर होते एवढं तुम्हाला माहीत आहे. पण त्या कामातला माझा जास्तीत जास्त वेळ बाळांना जगात आणण्यात गेला, असं तुम्हाला वाटत असेल तर ते चूक आहे. माझा जास्तीत जास्त वेळ बायकांना गप्प बसवण्यात गेला. रक्तदाब मोजायचा तर बाईनं पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, दंड छातीच्या उंचीला धरून, थोडा वेळ काही न बोलता बसायला हवं. शांत बसवणं एक वेळ जमतं. न बोलता बसवणं फार अवघड, त्यातून दिल्लीत.

तुमच्या आजोबांनी नोएडात प्लॉट घेतला तेव्हा करोल बागेतले आमचे सगळे नातेवाईक हसले होते. तीन पिढ्या करोल बागेत काढलेली माणसं आम्ही. यमुनेपलीकडे जाऊन राहायचं, तेही शेतात? माझ्या नणंदेनं तर विचारलं, "तिथे दूध मिळतं का गं?" मी म्हटलं, "मिळतं, म्हैस दारात येते." ते खरंच होतं. सेक्टरचे आकडे पाट्यांवर लागले होते, पण पाटीच्या मागे सेक्टर असेलच असं नव्हतं. वाळूचे ढीग, विटांचे ढीग, मधूनच एखादं पूर्ण झालेलं घर. मी सरकारी इस्पितळातली नोकरी सोडली आणि आमच्या घराच्या तळमजल्यावर तीन खाटांचा दवाखाना काढला. पहिल्या मजल्यावर आम्ही राहायचो. गच्चीवर एक खोली होती. तशा खोलीला दिल्लीत बरसाती म्हणतात. तिच्यात आजोबांची जुनी मासिकं आणि एक मोडका कूलर होता. ही खोली लक्षात ठेवा.

मग देशाचे दरवाजे उघडले म्हणतात तसं झालं आणि आमच्या सेक्टरचंही भाग्य उघडलं. कारखाने आले, काचेच्या कचेऱ्या आल्या, केबल आली, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या. दवाखान्यातल्या बाकावर अशा बायका शेजारी शेजारी बसू लागल्या, ज्या एरवी एकमेकींना भेटल्या नसत्या. तयार कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावणारी बिहारची मुलगी असायची आणि तिच्या शेजारी परदेशी कंपनीतली मॅनेजर, जिच्या पर्सला पेजर लटकलेला.

या मॅनेजरबाईंचं प्रेशर दर खेपेला जास्त निघायचं. त्या यायच्या त्याच मुळी "डॉक्टर साहब, जल्दी नापिए, मीटिंग है" म्हणत. एकदा मी तो पेजर काढून घेतला आणि आमच्या सिस्टर लीलाम्माच्या खिशात टाकला. बाईंना मागच्या अंगणात कडुलिंबाखाली खुर्ची दिली. थोड्या वेळानं मोजलं तर प्रेशर अगदी माझ्यापेक्षा चांगलं. बाई रागावल्या. "मतलब मुझे कुछ है ही नहीं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "है ना. नौकरी है." पुढे त्या दर वेळी आल्या की न सांगता पेजर लीलाम्माकडे द्यायच्या आणि कडुलिंबाखाली जाऊन बसायच्या.

पण सगळ्यांचं असं नसायचं. गरोदरपणातलं खरं वाढलेलं प्रेशर म्हणजे काय, ते तुम्हाला घरातल्या गोष्टीवरून सांगते. टाकीत पाणी चढवायची आपली मोटर आठवते? पाइप आतून आवळले गेले की मोटरला जास्त जोर लावावा लागतो. जोर वाढला की आधी सांधे गळायला लागतात. बाईच्या शरीरात हे सांधे म्हणजे मूत्रपिंड, यकृत, डोळे, मेंदू. मूत्रपिंड गळलं की लघवीतून प्रथिनं जातात. मेंदूवर ताण आला की डोकं दुखतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, आणि पुढची पायरी म्हणजे झटके. शिवाय वारेतून, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते तिच्यातून, बाळाला जायचं रक्त कमी पडतं, ते वेगळंच. गोळ्यांनी मोटरचा जोर थोडा कमी करता येतो, पण दुखण्याचं मूळ वारेत आहे. ती बाहेर येईपर्यंत दुखणं जात नाही. म्हणून डॉक्टरचं सगळं काम एकाच प्रश्नाभोवती फिरतं. बाळाला आत ठेवणं जास्त धोक्याचं की बाहेर काढणं?

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की बाईला बरं वाटत असतं. बरेचदा अगदी शेवटपर्यंत.

मी सरकारी इस्पितळात होते तेव्हा दिल्लीतल्याच मुनिरक्याहून एक मुलगी यायची. नवरा विद्यापीठात पीएच.डी. करत होता आणि भाड्याच्या एका खोलीत दोघांचा संसार होता. हसरी, हुशार मुलगी. मी तिला गोळ्या दिल्या, आठवड्यानं ये म्हटलं. ती आली नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. नंतर तिचा नवरा एकटाच आला. तिला इतकं बरं वाटत होतं की तिनं गोळ्या थांबवल्या होत्या. तो मला दोष द्यायला आला नव्हता. त्याला फक्त विचारायचं होतं, "लेकिन उसे तो कोई तकलीफ थी ही नहीं?" मी त्याला मोटरचं आणि पाइपचं उदाहरण सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती मुलगी माझ्याबरोबर नोएडाला आली असं म्हटलं तरी चालेल. 'बरं वाटतंय' हे शब्द ऐकले की मला ती दिसायची.

आता सुनंदाची गोष्ट सांगते.

सुनंदा साताऱ्याकडची. नवरा मारुती जगदाळे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला आणि आमच्याजवळच्या टीव्हीच्या कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर. तेव्हा नव्या कारखान्यांच्या फाटकांवर अशी पुष्कळ माणसं होती. पस्तिशीत पेन्शनीत निघालेली, ताठ पाठीची, कुणालाही सलाम ठोकायची सवय न गेलेली. मारुती दवाखान्यात आला की दारातच टाच जुळवून उभा राहायचा. "जय हिंद, मॅडम." बाकीच्या बायका दचकायच्या.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोटातच गेलं, एकदा पठाणकोटला आणि एकदा दिल्ली छावणीत. हे तिसरं. सातवा महिना लागला तेव्हा मीच ठरवलं की हिचं डोहाळजेवण करायचं. तिचं इथे कुणी नव्हतं. मग बरसाती साफ केली, कूलर भंगारवाल्याला दिला आणि करोल बागेतून माझी नणंद हिरव्या काचेच्या बांगड्या घेऊन आली. तिनंच त्या सुनंदाला भरल्या. एका हातात डझनभर, दुसऱ्या हातात एक जास्त, आपल्याकडे भरतात तशा. नणंदेचा अंदाज चुकला होता, बांगड्या जरा सैल झाल्या. सुनंदानं हात हलवला की खळखळ आवाज व्हायचा. लीलाम्मा म्हणाली, "मॅडम, ये तो ॲम्ब्युलन्स जैसा आवाज करता." सुनंदा इतकी हसली की तिला उचकी लागली. त्या दिवशी तिचं प्रेशर अगदी ठीक होतं. मी स्वतः मोजलं होतं.

त्यानंतरच्या तपासणीला ती आली नाही. निरोप आला की गावाहून आई आली आहे, घरात गडबड आहे, पुढच्या आठवड्यात येते.

पुढच्या आठवड्यात तिघं आली. मारुती, सुनंदा आणि तिची आई हौसाबाई. हौसाबाई म्हणजे उंच, सडसडीत, नऊवारी नेसलेली, कपाळावर गोंदण असलेली बाई. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, शेती स्वतः करत होत्या. त्यांनी माझ्या टेबलावर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा ठेवला आणि माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"डॉक्टरीणबाई तुमीच व्हय? मला वाटलं म्हातारी आसंल कुनी."

मी म्हटलं, "होईन लवकरच. बसा मावशी."

"बसत न्हाई. उद्या सकाळची गाडी हाय. लेकीला घिऊन चालले. पयलं बाळातपण म्हायेरातच हुतं आमच्यात. म्हनलं, तुमचा पाया पडून जावं. आन् मारुतराव म्हन्तात, तुमची चिठ्ठी लागती."

मारुती म्हणाला, "फिटनेस सर्टिफिकेट, मॅडम. प्रवासासाठी."

मी पेन उचललं. मागच्या खेपेला सगळं ठीक होतं. प्रवास लांबचा होता, पण आईबरोबर जाणार होती, खालचा बर्थ होता. तेवढ्यात सुनंदा पुढे वाकून माझ्या पाया पडली. मी तिला उठवायला हात धरले आणि थांबले.

बांगड्या वाजल्या नव्हत्या.

डोहाळजेवणाच्या दिवशी हाताच्या नुसत्या हालचालीनं खळखळणाऱ्या बांगड्या होत्या त्या. आता मनगटावर एकीला एक चिकटून गप्प बसल्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी हात फुगून वर आला होता. मी एक बांगडी बोटानं फिरवून बघितली. फिरली नाही.

इथे एक सांगते, नाहीतर इरा उगाच आपल्या अंगठीकडे बघत बसेल. गरोदर बाईचे पाय सुजतात, हातही थोडे जड होतात. पुष्कळ जणींचे होतात आणि त्यांना काहीही होत नाही. नुसत्या सुजेवरून आजार ठरत नाही. पण थोड्या दिवसांत हात आणि चेहरा असा एकाएकी भरून आला, तर ताबडतोब प्रेशर मोजायचं. एवढाच त्याचा अर्थ.

"सुनंदा, डोकं दुखतंय का?"

"थोडं. आई आल्यापासून झोप नाही ना, गप्पाच चालतात आमच्या. बाकी बरं वाटतंय, मॅडम. एकदम बरं."

"डोळ्यांपुढे काही चमकतं?"

ती आईकडे बघून हसली. "काजवे दिसतात कधी कधी. आई म्हणते, पित्त."

हौसाबाई म्हणाल्या, "पित्तच हाय ते. आन् आंग कसं भरलंय बघा माज्या लेकीचं! मी आले तवा काटकी हुती. धा दिस माज्या हातचं खाल्लं तर गाल आलं बघा वर."

मी तिला खाटेवर डाव्या कुशीवर निजवलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि पट्टा बांधला. पारा वर गेला, आणि मी हवा सोडायला लागले तर आवाज फार वरच सुरू झाला. दुसऱ्या हाताला मोजलं. तेच. एकशे सत्तर, एकशे बारा. तिकडे लीलाम्मा लघवी तपासत होती. तेव्हा आमच्याकडे त्यासाठी स्पिरिटचा दिवा आणि काचेची नळी असायची. नळीचा वरचा भाग तापवायचा, थोडं ॲसिड घालायचं. प्रथिनं असली की वर पांढरं धरतं, उकडलेल्या अंड्यासारखं. लीलाम्मानं आतून नुसती मान बाहेर काढली.

"मॅडम, पूरा दही बन गया."

मग मी सुनंदाच्या गुडघ्याखाली रबराची हातोडी हलकेच मारली. पाय इतक्या जोरात उडाला की माझ्या हातातली हातोडी खाली पडली. झटके जवळ आले की पाय असा उडतो.

हौसाबाई खूश झाल्या. "हानली का न्हाई लाथ! ल्हानपनी म्हशीलाबी अशीच हानायची."

मारुती मात्र हसला नाही. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. फौजेतल्या माणसाला दुसऱ्याचा चेहरा वाचता येतो.

मी सांगितलं, "उद्याची गाडी नाही. आज इथेच राहायचं, इंजेक्शन द्यायचं आणि तासाभरात मोठ्या इस्पितळात न्यायचं. मी बरोबर येणार आहे."

"का वो? ती तर बरी हाय," हौसाबाई म्हणाल्या.

"बरी दिसते आहे, मावशी. पण तिला कधीही झटके येऊ शकतात. गाडीत आले तर एक रात्र आणि अर्धा दिवस तिथे डॉक्टर नाही, इंजेक्शन नाही. कदाचित दोघंही हाती लागणार नाहीत."

त्या खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच. मग फार शांतपणे बोलल्या, आणि ते बोलणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

"डॉक्टरीणबाई, दोन बारीला मी माज्या लेकीला तुमच्या ह्या दिल्लीत, त्या पठानकोटात ऱ्हाऊ दिलं. जावई म्हन्ले, हितं मोठं दवाखानं हायती. दोन्ही बारीला मला नुसती तार आली. ह्या बारीला माज्या दारात हुईल, माज्या डोळ्यांम्होरं. मग काय व्हायचं ते हूंदे. मी तिला न्हेनार."

तुम्हाला वाटेल अडाणी बाई हट्ट करते आहे. मला तसं वाटलं नाही. तिचा हिशेब तिच्या बाजूनं चोख होता. दोनदा डॉक्टरांवर भरवसा ठेवला, दोनदा काही हाती लागलं नाही. मी तिच्या जागी असते तर मीही तिकीटच काढलं असतं.

मी मोटरचं सांगितलं, पाइपचं सांगितलं. त्यांच्या विहिरीवर मोटर होती, त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं समजलं. पण समजणं वेगळं आणि पटणं वेगळं. शेवटी मी दुसरंच बोलले. म्हटलं, "मावशी, डोळ्यांसमोर व्हायला हवं ना? मग तुम्ही गावाला जाऊ नका. वर एक खोली आहे. बाळ घरी येईपर्यंत आणि नंतरही, तुम्ही तिथे राहा. तिचं डोहाळजेवण तिथेच झालंय. जे काही होईल ते तुमच्या डोळ्यांपुढे होईल, मी शब्द देते."

त्यांनी जावयाकडे बघितलं. मारुती म्हणाला, "आई, मॅडम जो हुकूम देतील तो."

"हुकूम नगं मला. म्हायेर पायजे," हौसाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "म्हंजे तुमचं घर हेच तिचं म्हायेर म्हनायचं?"

"म्हणा."

"बघा बरं. म्हायेरच्या मान्सांना बारसं करावं लागतं. सनासुदीला लेकीला आनावं लागतं. आत्ता म्हन्साल आन् मागनं इसराल."

मी म्हटलं, "नाही विसरणार."

एवढ्यावर प्रश्न सुटला असं मला वाटलं, पण अजून बांगड्या होत्या. हाताला सलाईन लावायचं होतं, सूज वाढतच होती, काच मांसात रुतायला लागली होती. लीलाम्मानं साबण लावून बघितला, तेल लावून बघितलं. एकही निघेना. तिनं कात्रीसारखा चिमटा आणला आणि म्हणाली, "तोड़ देती हूँ."

हौसाबाई उठून मध्ये उभ्या राहिल्या. जिचा नवरा समोर धडधाकट उभा आहे, जिची हिरव्या चुड्यानं ओटी भरली आहे, तिच्या हातातल्या बांगड्या तोडायच्या? सुनंदानंही हात पदराखाली ओढून घेतले. झटक्यांना न घाबरलेली मुलगी आता घाबरली होती. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, पण मीही तो चिमटा लीलाम्माच्या हातातून घेतला आणि खाली ठेवला. करोल बागेतल्या माझ्या सासूबाई बांगडी फुटली तरी 'फुटली' म्हणायच्या नाहीत, 'वाढवली' म्हणायच्या.

"मावशी," मी म्हटलं, "तुमच्या हातानं वाढवा."

त्यांनी चिमटा उचलून बघितला. मग विचारलं, "हळकुंड हाय का घरात?"

मी वर धावत गेले. स्वयंपाकघरातून हळकुंड आणि पांढरा दोरा आणला. हौसाबाईंनी दोरा हळदीत भिजवला, हळकुंडाला गुंडाळला आणि लेकीच्या कोपराच्या वर बांधला, दोन्ही हातांना, जिथे सूज नव्हती. हात क्षणभरही मोकळा राहिला असं कुणी म्हणायला नको, म्हणून ते आधी. स्वतः विधवा बाई, म्हणून बांधण्याआधी दोरा त्यांनी मारुतीच्या हाताला लावून घेतला. मग ओल्या फडक्यात एकेक बांगडी धरून चिमट्यानं दाबली. प्रत्येक वेळी काच कट् करून वाजायची आणि त्या पुटपुटायच्या, "वाढीव, वाढीव." सुनंदाच्या हातावर ओरखडासुद्धा आला नाही. मी आयुष्यात पुष्कळ चांगले शल्यचिकित्सक बघितले आहेत. त्यांच्यासाठी एवढी शांतता कुणी पाळली नव्हती.

पुढचं लवकर झालं. झटके रोखणारं मॅग्नेशियमचं इंजेक्शन कमरेखाली दोन्ही बाजूंना खोल द्यावं लागतं आणि ते फार दुखतं. सुनंदानं आईचा हात इतका घट्ट धरला की हौसाबाई म्हणाल्या, "आगं, मला मोडतीस का काय!" मारुतीनं कारखान्याची मारुती व्हॅन आणली. यावर लीलाम्मानं विनोद केलाच, आणि त्या गंभीर माणसाला तो आधी कळलाच नाही. मागच्या सीटवर सुनंदा कुशीवर, तिचं डोकं हौसाबाईंच्या मांडीवर, सलाईनची बाटली माझ्या हातात. यमुनेच्या पुलावर संध्याकाळची गर्दी होती. तेव्हा एकच पूल आम्हाला जवळचा होता, आणि तिथे बैलगाडीपासून परदेशी मोटारीपर्यंत सगळे एका रांगेत अडकायचे. पूल ओलांडेपर्यंत मी सुनंदाशी सतत बोलत राहिले. गप्प राहायला सांगणारी मी, तिला गप्प बसू देत नव्हते. बोलता बोलता तिची जीभ जड झाली असती तर मला कळलं असतं.

हौसाबाईंनी पुलावरून खाली बघून विचारलं, "ही यमुना? हिच्यापरीस आमची कृष्णा स्वच्छ हाय." सुनंदा म्हणाली, "आई, आत्ता?" ते ऐकून मला हायसं वाटलं.

झटका आला नाही. ज्या इस्पितळात तिला नेलं, तिथे माझ्याबरोबर शिकलेली मैत्रीण होती. औषधांनी प्रेशर थोडं खाली आलं, बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून सुया दिल्या, काही दिवस हाती लागले. मग प्रेशर पुन्हा उसळलं आणि बाळाला बाहेर काढायचं ठरलं. मी शब्द दिला होता, म्हणून मैत्रिणीला सांगून हौसाबाईंना ऑपरेशनच्या खोलीच्या काचेपलीकडे उभं केलं. मुलगी झाली. दोन किलोचीसुद्धा नव्हती, आणि रडलीही मांजरासारखी बारीक, पण लगेच रडली. हौसाबाईंनी काचेला कपाळ टेकलं. मी बाहेर आले तेव्हा त्या म्हणाल्या, "तार न्हाई आली ह्या बारीला."

बाळ काचेच्या पेटीत होतं तोपर्यंत आणि त्यानंतर थंडी संपेपर्यंत माय, लेक आणि नात आमच्या बरसातीत राहिल्या. सुनंदाचं प्रेशर बाळंतपणानंतरही काही आठवडे वर-खाली होत राहिलं. तसं होतं, म्हणून बाळ झालं की सुटलो असं समजायचं नसतं. हौसाबाईंनी गच्चीवर चूल मांडली. तुमच्या आजोबांना रोज बाजरीची भाकरी मिळायला लागली आणि त्यांचं स्वतःचं प्रेशर कशानं वाढलं, ते मी विचारायचं नाही असं ठरलं. मीठ कमी कर म्हणून मी सुनंदाच्या मागे लागायची. आता पुस्तकं म्हणतात, या आजारात मीठ तोडून काही उपयोग नसतो. अंथरुणाला खिळवून ठेवण्याचंही तसंच. इतक्या बायकांना मी अळणी जेवायला लावलं, त्यांनी मला क्षमा करावी. बारसं खालच्या बाकांवर झालं. नाव ठेवलं यमुना. हौसाबाईंनीच ठेवलं, पाण्याबद्दलचं मत न बदलता.

त्यानंतर माझ्या तपासणीत एक प्रश्न कायमचा आला. वजन, प्रेशर, लघवी, आणि "बांगडी फिरती है?" पंजाबी बायकांच्या चुड्याला, बंगाली बायकांच्या शंखाच्या आणि पोवळ्याच्या बांगड्यांना, मॅनेजरबाईंच्या घड्याळाच्या पट्ट्याला, सगळ्यांना. बायका घरी सकाळी उठून बांगडी फिरवून बघायला लागल्या. ते काही शास्त्र नव्हतं. पण बरं वाटत असतानाही आपल्या शरीराकडे बघायचं असतं, हे त्यांना त्यातून कळायचं, आणि बांगडी फिरेना म्हणून धावत आलेल्यांपैकी काहींचं प्रेशर खरंच वाढलेलं निघायचं. मुनिरक्याच्या मुलीला मी हे विचारलं असतं तर ती आली असती का, हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारते. उत्तर मिळत नाही.

तर इरा, तुझ्या बोलणाऱ्या यंत्राला माझा नमस्कार सांग. त्याच्यासमोर तू मात्र बोलू नकोस. आकडे तुझ्या डॉक्टरला पाठव, मला फक्त फोटो पाठव. माझी सकाळची गोळी मी घेते आहे, काळजी नको.

दवाखान्याची पाटी उतरवून बरीच वर्षं झाली. तळमजल्यावर आता लॅपटॉप दुरुस्त करणारी दोन मुलं बसतात. यमुनेवर आणखी पूल झाले, मेट्रो आली, कडुलिंब रस्ता रुंद करताना गेला. लीलाम्मा कोट्टयमला नातवंडांत आहे. हौसाबाई गेल्या, त्यांच्याच दारात, त्यांच्या मनासारखं. पाऱ्याचं यंत्र कपाटात आहे, पण मी ते आता उघडत नाही.

बरसाती आहे. दर वर्षी भाऊबीज झाली की सुनंदा साताऱ्याहून येते आणि चार दिवस राहते. परवा तिचा फोन आला होता, तिकीट काढलंय म्हणून. मी खोली झाडून घेतली आहे. तिचं माहेर अजून तिथेच आहे.